आठव्या नटाची खूण

३ मार्च

ती. मामा,

नमस्कार. आधी चहा घेऊन बस आणि मग वाच, म्हणजे चिडायला दोन्ही हात मोकळे राहणार नाहीत. मी एक पार्सल मागवलं आहे. ते आमच्या बैठकीच्या खोलीत सोफ्याच्या मागे आडवं पडलंय आणि आईला वाटतंय तो पडद्याचा रॉड आहे. मी तिला तसं वाटू दिलंय.

पडद्याबिडद्याचा काही संबंध नाही. तो बाबांच्या गाडीच्या मागच्या चाकांसाठीचा नवा स्टॅबिलायझर बार आहे, जुन्यापेक्षा चांगला जाड. हा घातला की वळणावर गाडी एका अंगावर झुकत नाही, असं त्या कागदावर लिहिलंय. डेपोत चौतीस वर्षं बसगाड्या उलट्यापालट्या केलेल्या माणसाला मी हे सांगतेय, तेव्हा हसून घे एकदाचं.

आता कारण. सहा वर्षांपूर्वी तुझ्याकडे येताना डोंगरातल्या त्या बावीस वळणांवर आईची काय दशा झाली ते तू पाहिलंस. कानाचं दुखणं झाल्यापासून तिचा तोल असा गेलाय की गाडी जरा झुकली तरी हिचं जग गोल फिरायला लागतं. तुझ्या फाटकाशी ती उतरली तेव्हा चेहरा पांढराफटक, हातात पिशवी, आणि तू हसलास. तेव्हाच तिनं जाहीर केलं, "यापुढे तू यायचंस, मी नाही." मग तू येत राहिलास. गेली दोन वर्षं तेही बंद. एकदा गुडघा, एकदा छप्पर, आणि आता टोमॅटो.

मागच्या आठवड्यात चादरींच्या घड्या करता करता ती एकदम म्हणाली, "ठोंब्या माझ्यावर रुसलाय." शेवटचा आलास तेव्हा तीन दिवस म्हणे तू तिच्यासमोर तोंड फिरवून बसला होतास. निघतानासुद्धा भिंतीकडे बघून "येतो" म्हणालास. मी विचारलं, तुझं काही चुकलं होतं का? तर म्हणाली, "आठवत नाही ना, तेच तर." आणि उशीच्या खोळीत उशी उलटी कोंबत बसली.

म्हणून मी ठरवलंय, की तू येत नसशील तर आईला तुझ्याकडे आणायचं, आणि न ओकता आणायचं. बार मी स्वतः बसवणार. चष्म्याच्या दुकानात मी दिवसभर लोकांच्या कानांवर काड्या बसवते, त्यामुळे माझा सगळ्यात मोठा स्क्रू तांदळाच्या दाण्याएवढा असतो. तेव्हा सगळं नीट समजावून सांग. आणि चित्र काढ! मी दुसरीत असताना सायकलच्या चेनचं काढून पाठवलं होतंस ना, तसं. ते अजून माझ्या कपाटाच्या दाराला आहे.

फोन करत नाही, कारण फोनवर तुला कमी ऐकू येतं आणि तू प्रत्येक प्रश्नाला "बरं बरं" म्हणतोस. "बरं बरं"च्या भरवशावर मी गाडीखाली जाणार नाही.

तुझी,
भिंगरी

११ मार्च

चि. भिंगरी,

आशीर्वाद. गाडीखाली शिरली असशील तर आधी बाहेर ये.

चक्कर ताईच्या कानात आहे, गाडीत नाही. बार जाड घातला म्हणून कान बरा होत नाही. पण गाडी कमी झुकली तर कानाला काम कमी पडेल, एवढं मी मानतो. मला न विचारता सामान मागवलंस हे मात्र मानत नाही.

आता ऐक. गाडी सपाट जागी उभी कर. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे. जुन्या नटांवर आदल्या दिवशी तेल सोड, नाहीतर तुझे नाजूक हात आणि त्यांचा गंज यात गंज जिंकेल. बार मधोमध दोन क्लॅम्पांनी धरलेला असतो आणि त्याची दोन टोकं दोन लिंकांनी चाकांकडे जोडलेली असतात. क्लॅम्पांचे चार बोल्ट, लिंकांचे चार नट. मी आठांनाही नटच म्हणतो. लिंकचा नट फिरवायला लागलीस की आतली पिनही त्याच्याबरोबर फिरते आणि माणूस दिवसभर फिरवत बसतो. पिनेच्या टोकाला सहा कोनांची खाच असते, तिच्यात एलन की घालून पिन धरून ठेव. क्लॅम्पांतल्या नव्या रबरी बुशांना आतून भरपूर ग्रीस, नाहीतर गाडी उंदरासारखी चिंचीं करेल. सगळे नट आधी नुसत्या बोटांनी लाव. शेवटचं आवळणं गाडीचं वजन चाकांवर असताना.

आता आमच्या डेपोचे दोन नियम, हे मोडलेस तर माझी भाची नाहीस. एक, गाडीखाली जाणाऱ्याच्या खिशात गाडीची किल्ली. म्हणजे वर कुणाला शहाणपण सुचलं तरी गाडी चालू होत नाही. दोन, आवळलेल्या प्रत्येक नटावर रंगाची रेघ, नटावरून खालच्या पट्टीवर आलेली. नट सैल झाला तर रेघ तुटते आणि कळतं. पण आवळणाऱ्यानं स्वतः खूण करायची नाही. ती दुसऱ्या माणसानं, नटाला पाना लावून बघून, मगच करायची. आपल्या हातची चूक आपल्याला दिसत नाही, म्हणून. आणि सगळ्या खुणा झाल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जात नाही.

चित्र काढत नाही. तू शिकलेली आहेस, शब्द पुरेत.

मी ताईवर रुसलेलो नाही. रुसायला सवड कुठे आहे, टोमॅटो आहेत. तिला सांग.

मामा

२४ मार्च

ती. मामा,

झालं! म्हणजे बहुतेक झालं. म्हणजे बसवला आहे, पण टक टक असा आवाज येतो.

क्रमानं सांगते. शनिवारी दुपारी दुकान लवकर बंद केलं, तुझे सगळे नियम एका कागदावर उतरवून तो गाडीच्या काचेला आतून चिकटवला, किल्ली खिशात टाकली आणि पाठीवर झोपून आत सरकले. पहिला अर्धा तास फक्त धूळ खाल्ली. मग जुना नट सुटला तेव्हा मी एवढ्या मोठ्यानं ओरडले, की समोरच्या इमारतीतले शिंपी खिडकीत आले आणि तिथेच खुर्ची घेऊन बसले. त्यांनी मला अधूनमधून सूचनाही दिल्या. गाडी त्यांच्याकडे कधीच नव्हती हे मला नंतर कळलं.

आई बाहेर आली तेव्हा माझे फक्त पाय दिसत होते. ती पायांना म्हणाली, "पडद्याचा रॉड गाडीखाली काय करतोय?" मग सांगावंच लागलं. बावीस वळणांचं ऐकून म्हणाली, "मी नाही बाई येणार. जो माझ्याकडे बघतसुद्धा नाही त्याच्या दारात ओकायला जाऊ?" आणि आत गेली. मी म्हटलं, संपलं. तर पाच मिनिटांनी पाट, चष्मा आणि लाल नेलपॉलिशची जुनी बाटली घेऊन परत आली. "खूण कुठल्या नटावर करायची?" मामा, तिनं माझा तो काचेवरचा कागद वाचला होता!

घोटाळा पुढे झाला. माझ्याकडे जॅक एकच आणि आधाराला स्टँडही एकच. म्हणून मी आधी डावी बाजू उचलली. डावी लिंक लोण्यासारखी बसली. पण उजव्या बाजूचं भोक बारच्या टोकापासून चांगलं दोन बोटं लांब! म्हटलं, बार वाकडा आला की काय. शेवटी शिंपीकाकांकडची लोखंडी पहार आणली, घातली आणि दाबली. पहिल्यांदा पहार सटकली, माझ्या कानाजवळून गेली आणि मडगार्डला एक पोचा आला. दुसऱ्यांदा बसली. आईनं पाट पुढे ओढून आठही नटांवर एकदम सुंदर रेघा काढल्या, पूर्वी नखांवर काढायची तशा.

पण आता गाडी जरा खड्ड्यातून गेली की उजवीकडे टक टक होतं. काय चुकलं असेल?

तुझी,
ग्रीस लागलेली भिंगरी

ता. क. आई विचारत होती, मामाच्या पत्रात चित्र का नाही? मी म्हटलं, म्हातारा झालाय.

३० मार्च

भिंगरी,

गाडी जिथे असेल तिथे उभी कर आणि किल्ली ताईकडे दे. हे पत्र पुरतं होईपर्यंत चाकाला हात लावायचा नाही.

तू पहार लावलीस? कानाजवळून गेली म्हणतेस आणि पुढच्या वाक्यात पोच्याचं सांगतेस? बार म्हणजे स्प्रिंग आहे, मुली. पिळलेल्या स्प्रिंगसमोर तोंड करून बसलीस तू. पोस्टमनसुद्धा म्हणाला, पहार लावायला नको होती. त्याचा चेहरा उतरला. मी दिवसभर झाडांना पाणी घालायचं विसरलो.

बार वाकडा नाही. एक चाक वर, एक चाक खाली, म्हणून तो पिळला गेला. तो दोन्ही चाकांना बांधलेला असतो, त्याचं कामच ते. एक चाक वर गेलं की तो दुसऱ्याला बरोबर ओढतो. तेव्हा बार घालताना दोन्ही चाकं एका उंचीवर हवीत, दोन्ही वर किंवा दोन्ही खाली. हे मी सांगितलं नव्हतं. डेपोत खड्ड्यात उतरून काम करायचं, चाकं आपोआप एका पातळीवर असायची, कुणी कुणाला सांगत नसे. चूक माझी आहे, तुझी नाही. पहार मात्र तुझी.

उजव्या बाजूचे दोन्ही नट सोडून टाक, हळूच, चेहरा बाजूला ठेवून. मग जॅक विसर. जाड, रुंद फळ्या घे, एकावर एक ठोकून दोन सारख्या पायऱ्या कर आणि गाडी मागे घेत दोन्ही मागची चाकं त्यांच्यावर चढव. चाकं एका उंचीवर, वजन चाकांवर, आणि तुला खाली शिरायला जागा. आठही नट सैल करून पुन्हा आवळ. जुन्या खुणा पुसून नव्या कर. उजव्या लिंकच्या टोकाच्या सांध्यातला बॉल बघ, ढिला लागला तर ती लिंक बदल.

झालं की लगेच कळव. लगेच.

मामा

८ एप्रिल

ती. मामा,

जीव भांड्यात पडू दे तुझा. मी धडधाकट आहे, दोन्ही कान जागच्या जागी आहेत.

शिंपीकाकांनी कापडं बेतायच्या जुन्या टेबलाच्या फळ्या दिल्या. त्यावर गाडी चढवली आणि खरंच, उजवी पिन भोकात अशी गेली की जणू तिचं कधी भांडणच नव्हतं. लिंक नवी आणली. आवाज गेला.

मग परीक्षा. पाण्याच्या टाकीजवळच्या चौकात गोल गोल फिरायचं ठरवलं, आईला शेजारी बसवून. महिन्यापूर्वी, जुना बार असताना, तिसऱ्या फेरीत तिनं माझा दंड धरला होता, आठवड्याभर वळ होता. या वेळी मी एक फेरी घेतली, दोन घेतल्या, पाच घेतल्या, आई शिंप्यांच्या सुनेबद्दल बोलतेय. सातव्या फेरीत ती म्हणाली, "अगं, परीक्षा कधी घेणार आहेस?" मामा, मी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. आईला वाटलं मलाच चक्कर आली.

आता खुणांचं. आईनं प्रत्येक नटाला पाना लावून बघितलं आणि सात खुणा केल्या. आठव्याशी, म्हणजे उजव्या लिंकच्या खालच्या नटाशी आली, पाना लावला, मान हलवली आणि ब्रश बाटलीत घालून झाकण लावलं. का म्हणून विचारलं तर, "तुला काय करायचंय?" नट मी दोनदा तपासलाय, घट्ट आहे.

आणि आता माझी परीक्षा संपली, तुझी सुरू.

माझ्या पत्रातलं पहारीचं पोस्टमनला कसं माहीत, मामा? माझी पत्रं तो तुला वाचून दाखवतो ना? तुझी दोन्ही पत्रं मी दुकानातल्या दिव्याखाली शेजारी शेजारी ठेवली. ओळी कडेला वर चढल्यात. तीन ठिकाणी शब्दावर शब्द लिहिलाय. आणि ज्या माणसानं मला चेनची एकेक कडी काढून पाठवली, तो म्हणतो शब्द पुरेत. मी रोज डोळे तपासणाऱ्याच्या शेजारच्या खुर्चीत बसते. असं अक्षर कुणाचं होतं ते मला माहीत आहे.

तुला नीट दिसत नाही. कधीपासून? डॉक्टरांकडे गेला होतास का? मी आईला काही बोललेले नाही. पण खोटं लिहायचं नाही.

भिंगरी

१६ एप्रिल

चि. भिंगरी,

हे पत्र पोस्टमनकडून तपासून घेतलेलं नाही. माझं मी लिहिलं. ओळी चढल्या असतील तर मान वाकडी करून वाच.

अडीच वर्षं झाली. मधलं जातंय. समोर एक करडा डाग आहे, ज्याच्याकडे बघावं तिथे तो जाऊन बसतो. कडेचं दिसतं. टोमॅटो दिसतात, लाल झाले की नाही ते बोटांनी दाबून कळतं. डॉक्टरांनी तीनदा बघितलं. गेलेलं परत येत नाही म्हणाले, डाग आणखी पसरेल, पण कडा राहतील. म्हणजे मी भिंतीवर आपटणार नाही. तू लगेच बॅग भरू नकोस.

सांगितलं नाही, कारण तुझी आई मला ठाऊक आहे. तिला कळलं असतं तर ती त्याच दिवशी गाडीत बसली असती आणि बावीस वळणं ओकत ओकत आली असती. आणि मग मला खुर्चीत बसवून माझ्या हातातला पाना काढून घेतला असता. एवढंच नाही. चौतीस वर्षं लोक मला म्हणायचे, मिस्त्री, जरा नजर टाका. नुसती नजर टाकायचो आणि दोष सापडायचा. त्यातलं आता माझ्याकडे काय राहिलं, हे ताईसमोर बोलायला मला जमलं नाही.

पण त्या पहारीनं मला धडा दिला. चित्र काढलं असतं तर दोन्ही चाकं एका रेषेवर आपोआप आली असती, मला वेगळं सांगावं लागलं नसतं. कागद घेऊन बसलो होतो. चार वेळा बसलो. चाक काढायला गेलो की चाकच नाहीसं व्हायचं. तेव्हा "शब्द पुरेत" असं लिहून मोकळा झालो, आणि माझ्या लपवालपवीपायी तुझ्या कानाजवळून लोखंड गेलं. ते मी स्वतःला माफ करणार नाही.

ताईला सांगू नकोस. मी सांगेन. कधी ते विचारू नकोस.

आणि आठव्या नटावर खूण का नाही? खूण नसलेली गाडी तू चौकात सात वेळा फिरवलीस! डेपोत तुला घरी पाठवली असती.

मामा

२५ एप्रिल

ती. मामा,

तुझं पत्र मी दुकानाच्या मागच्या खोलीत वाचलं, काचा पुसायचं फडकं ओलं झालं. पुरे आता ते. मी तुझी चांगली खरडपट्टी काढणार आहे, पण समोरासमोर.

आईला मी सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. तू म्हणतोस, तू सांगशील. ठीक. पाच मे, रविवार, सकाळी आठला आम्ही निघतोय. वळणं चढून अकरापर्यंत पोचू. तुला यातून सुटका नाही, गुडघा आणि छप्पर ही कारणं जुनी झाली.

आईला तयार करायला मला काहीच करावं लागलं नाही. त्या आठव्या नटाचंच कारण निघालं. मी फार मागे लागले तेव्हा म्हणाली, "तो ठोंब्याचा आहे. माझ्याशी नसेल बोलायचं तर नको बोलू दे. पण गाडीला तो नाही म्हणणार नाही. खूण करायला म्हणून तरी खाली वाकेल, मग मी त्याला विचारेन, माझं काय चुकलं ते." तिनं नेलपॉलिशची बाटली पर्समध्ये आत्ताच ठेवलीय.

मामा, ती अजून समजते की तू रागावलायस. आणि रागावलेल्या भावाकडे ती बावीस वळणं चढून यायला निघालीय. आता तुझं तू बघ.

सोबत पुठ्ठ्याची एक चौकट पाठवतेय. तिला ओळींच्या जागी फटी कापल्यात. कागदावर ठेवायची आणि फटीत लिहायचं, म्हणजे ओळी डोंगर चढत नाहीत. जाड काळं पेनही आहे. दुकानात आम्ही अशा चौकटी करून देतो. तुझी मी स्वतः कापली, फटी जरा रुंद ठेवल्यात, कारण तुझा 'क' फार फुगीर असतो.

पोचल्यावर मी तुमच्या पोस्टमनला भेटायला जाणार आहे. तास-दीड तास लागेल. तेवढ्यात काय ते उरका.

तुझी,
भिंगरी

१५ मे

चि. भिंगरी,

चौकट कामाची आहे. फटी अजून रुंद चालतील.

ताई घरी गेल्यापासून काही बोलत नाही, नुसती हसते असं लिहितेस, आणि तिकडे काय झालं ते मलाच सांग म्हणतेस. पोस्टमनकडे दोन तास बसलीस तू. बस आता ऐकत.

तुझी गाडी फाटकाशी आली तेव्हा मी आवाज ऐकत होतो. टक नाही, चिंचीं नाही. ताई उतरली ती ताठ. पिशवीत काही नव्हतं, पिशवी कोरी. मला म्हणाली, "एकविसाव्या वळणावर जरासं झालं, बाकी काही नाही." मग तू सटकलीस आणि आम्ही दोघं गाडीच्या दोन बाजूंना उभे राहिलो.

तिनं किल्ली माझ्या हातात दिली. "खिशात टाक, ठोंब्या. नियम तुझाच आहे." मी सतरंजी टाकली आणि गाडीच्या मागून डोकं आणि हात आत घालून आडवा झालो. ती शेजारी बसली, बाटली उघडून. तुझं काम मी बोटांनी बघितलं. क्लॅम्प बरोबर. ग्रीस जास्त, पण असू दे. एकेक नट चाचपत गेलो. तुझ्या आईनं रंग असा थापलाय की सातही रेघा बोटाला लागतात, सुकलेल्या डिंकासारख्या. आठवा नट गुळगुळीत. म्हटलं, हाच तो. पाना लावून बघितला. घट्ट होता. त्याच्याबद्दल तुला पैकीच्या पैकी.

ताईनं ब्रश हातात दिला. मी तो नटाकडे नेला आणि नट गेला. डाग बसला त्याच्यावर. चाचपून एका हातानं नट धरला, दुसऱ्यानं ब्रश टेकवला, तर रेघ माझ्या अंगठ्यावर आली. पुन्हा केली. पुन्हा अंगठ्यावर. मग तिनं माझं मनगट धरलं आणि ब्रश नटावर नेऊन ठेवला. एक रेघ आम्ही दोघांनी मिळून काढली. वाकडीच आली असेल. नंतर ती म्हणाली, "किती दिवसांपासून रे?"

मी सगळं सांगितलं. गाडीखाली तोंड असलं की सांगणं सोपं जातं. ती ऐकत होती. मग एकदम भडकली. "आणि मी दोन वर्षं झुरतेय, की तू रुसलास! तीन दिवस माझ्यासमोर तोंड फिरवून बसला होतास. निघताना भिंतीकडे बघत होतास!"

मी बाहेर सरकलो आणि तिच्यासमोर बसलो. म्हटलं, ताई, सरळ तुझ्याकडे बघितलं की तू पुसली जातेस. केस दिसतात, खांदे दिसतात, मध्ये तोंडाच्या जागी काही नाही. मान फिरवली, भिंतीकडे बघितलं, की कडेनं तू दिसतेस. अख्खी दिसतेस. निघताना मला वाटलं, पुन्हा येणं होईल न होईल, म्हणून भिंतीकडे बघत उभा होतो. जरा जास्तच वेळ उभा राहिलो.

तू रोज असली माणसं बघतेस आणि माझं ते तोंड फिरवणं तुझ्याही लक्षात आलं नाही, तेव्हा कॉलर ताठ करू नकोस.

ताई बराच वेळ रडली. मग माझ्या अंगठ्यावरचा लाल रंग पदरानं पुसायला लागली. तो निघत नव्हता. अजून थोडा आहे.

मामा

२० मे

ठोंब्या,

तुझ्या भाचीला लिहिलेलं पत्र मी वाचलं. तिनं दिलं नाही, मी घेतलं. तुझा पोस्टमन हे तुला वाचून दाखवेल म्हणून त्यालाही सांगते, चहा छान करतोस असं मुलगी म्हणाली, आता मलाही पाजायचा.

तुला पाठवलं तसल्याच जाड काळ्या पेनानं आम्ही भिंतीवर दिनदर्शिका केलीय. महिन्यातला पहिला रविवार तुझा. गाडी तपासणं मी शिकलेय, दर वेळी निघण्याआधी आठ रेघा बघते. आठवी वाकडी आहे, पण तुटलेली नाही.

तुझ्या हातातला पाना मी काढून घेणार नाही. उलट तुझ्याकडे आले की मला तो धरायला शिकव. माझ्यासाठी टोमॅटो काढून ठेव.

आणि एक लक्षात ठेव. मी आले की खुर्ची भिंतीकडे करायची आणि माझ्यापासून नीट तोंड फिरवून बसायचं. जेवताना, बोलताना, निघतानासुद्धा. सरळ माझ्याकडे बघताना दिसलास तर याद राख.

तुझी,
ताई